उथळ चमचा आणि जेनुतुप्पा

मी चमचा बोलतोय. हसलात ना? मला ठाऊकच होतं. साहेबाच्या मागे मागे फिरणाऱ्याला तुम्ही माणसं चमचा म्हणता, आणि बदनाम होतो आम्ही. मी साहेबाच्या मागे कधी फिरलो नाही. फिरलो तो एका एवढ्याशा तोंडाच्या मागे. ते तोंड मी समोर गेलो की डावीकडे वळायचं, डावीकडे गेलो की उजवीकडे, आणि अगदीच जवळ पोचलो की गच्च मिटायचं.

माझा जन्म बंगळूरचा, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका लहान कारखान्यातला. साल चौऱ्याण्णव. स्टीलच्या पत्र्यातून आमचे चपटे तुकडे कापायचे, ते डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचे, वरून प्रेस दण्णकन खाली आला की खोलगट तोंड तयार. माझी पाळी आली त्या दिवशी प्रेसची सेटिंग थोडी हलली होती. दणका अर्धाच बसला आणि माझं तोंड उथळ राहिलं.

तपासायला फोरमन आप्पाजी बसायचे. त्यांनी मला दोन बोटांत धरून उजेडात फिरवलं आणि म्हणाले, "इदु चमचानो, तट्टेनो?" म्हणजे, हा चमचा आहे की ताटली? सगळे हसले आणि मी रिजेक्टच्या डब्यात.

प्रेसवर बसवंत नावाचा कामगार होता. निपाणीकडचा. घरात मराठी, कारखान्यात कन्नड. त्याची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. त्यानं मला डब्यातून उचललं, अंगठा माझ्या तोंडावरून फिरवला आणि आप्पाजींना विचारलं, घेऊ का मुलीला? "मगळिगे? तगो, तगो," आप्पाजी म्हणाले. मुलीसाठी होय, घे, घे. बसवंतानं जेवणाच्या सुट्टीत माझी कड दोनदा बफच्या फिरत्या चाकावर धरून अशी गुळगुळीत केली, की गालावर फिरवली तरी टोचू नये.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. माझ्या कानावर पहिली भाषा पडली ती कन्नड. मराठी मी बसवंताच्या घरी गेल्यावर शिकलो.

घर म्हणजे दासरहळ्ळीतल्या एका वठारातली, म्हणजे चाळीतली, एक खोली. सहा खोल्या ओळीनं, नळ एक. बसवंताची बायको कस्तुरी पाटणकडची, सातवी शिकलेली. मुलीचं नाव आजोबांनी प्रियदर्शनी ठेवलेलं. एवढ्याशा पोरीला एवढ्या लांब नावानं कोण हाक मारणार? सगळे दर्शी म्हणायचे.

कस्तुरीला एकच वेड होतं, आणि ते म्हणजे भीती. दर्शी शिंकली तरी भीती, नाही शिंकली तरी भीती. मला घरी आणल्या आणल्या तिनं पातेल्यात घातलं आणि खळखळ उकळलं. त्या दिवसापासून रोज सकाळी माझी उकळती आंघोळ ठरलेली. नंतर स्वच्छ ताटात, वर झाकण. तिचा स्वतःचा चहा गार होऊन जायचा, पण माझी आंघोळ कधी चुकली नाही.

शेजारी विठाबाई राहायच्या. त्यांच्या घराण्याला बंगळूरात चार पिढ्या झालेल्या. मराठी बोलायच्या, पण त्यात कन्नडचं बोट सारखं बुडवलेलं. वठारात सगळे त्यांना विठाक्का म्हणायचे. एक दिवस त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कस्तुरी, सहावा सरत आला न पोरीला? आता सरी दे तिला."

कस्तुरीला नळावर एवढं कन्नड कळलं होतं, की सरी म्हणजे बरं, ठीक आहे. तिनं मान हलवली. "सरी."

"अग, सरी दे म्हणते मी."

"सरी, सरी."

"कधी देतीस मग?"

"काय?"

"सरी!"

"आता दोनदा दिली की हो विठाक्का! किती वेळा म्हणू?"

विठाक्का उंबऱ्यावरच बसल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी. मग त्यांनी सांगितलं, की बाळाच्या नाचणीच्या पेजेलाही इथं सरीच म्हणतात. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळून कपड्यातून गाळायची, आणि शिजवून भरवायची. आपल्याकडं तांदळाचं खिमट, तसं इथलं हे.

कस्तुरीला फार लाज वाटली. तिनं ठरवलं, आता कन्नड शिकायचंच. भांडी घासता घासता पाठ करायची. "अक्की म्हणजे तांदूळ. हालु म्हणजे दूध. बेल्ला म्हणजे गूळ. बेडा म्हणजे नको. तुप्पा म्हणजे तूप." तुप्पा म्हणताना तिला हसू यायचं. ही तर आपलीच भाषा, नुसती फुगवलेली!

आता खरी गोष्ट सुरू होते.

गुरुवारी दवाखान्यात लहान मुलांचा वार असायचा. त्या दिवशी कस्तुरी पहिल्यांदाच एकटी गेली. बसवंत कामावर आणि विठाक्का लग्नाला. पिशवीत पाण्याची बाटली, कार्ड आणि मी. सिस्टरनं दर्शीचं वजन केलं, मग मला हातात घेऊन म्हणाली, "ओळ्ळे चमचा!" चांगला चमचा. रिजेक्टच्या डब्यातून आलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं. उथळ चमच्यात घास थोडाच बसतो आणि बाळाच्या ओठानं सगळा निघतो, हे तिनं हातवारे करून दाखवलं. मग थोडं हिंदी, थोडं कन्नड. बसवून भरवा, आडवं नाही. मीठ-साखर नको. नवीन पदार्थ एकावेळी एकच, तीन-चार दिवस तोच, म्हणजे काही सोसलं नाही तर कळतं.

कस्तुरी प्रत्येक गोष्टीला "सरी" म्हणत होती. तेवढ्यात शेजारच्या बाळाला सुई टोचली आणि त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला. त्या आरडाओरड्यात सिस्टर बोट हलवून शेवटचं म्हणाली, "जेनुतुप्पा बेडा अम्मा. ओंदु वर्षा बेडा."

"सरी," कस्तुरी म्हणाली.

मला समजलं. जेनुतुप्पा म्हणजे मध. एक वर्षाची होईपर्यंत मध नको, असं सिस्टर सांगत होती.

पण कस्तुरी रस्त्यानं पुटपुटत निघाली. "जेनु तुप्पा... बेडा म्हणजे नको. तुप्पा म्हणजे तूप. आणि जेनु? जेनु, जुनु... जुनं! जुनं तूप नको, एक वर्ष!" तिचा चेहरा असा खुलला, जणू वर्गात पहिलं उत्तर तिनंच दिलंय. पुढं तिनंच विचार केला, की इथलं तूप दुकानातलं. जुनं का नवं, कुणाला ठाऊक? त्यापेक्षा तूपच नको.

मी पिशवीत जीव तोडून ओरडलो. अग, तूप नव्हे, मध, मध! माझं ओरडणं म्हणजे काय, तर बाटलीवर टण टण. "किती वाजतोय हा," म्हणून तिनं मला रुमालात गुंडाळून टाकलं.

सहा महिने पुरे झाले आणि पहिला घास भरवायचा दिवस आला. उष्टावण मामाच्या हातून व्हायचं, पण मामाला रजा नव्हती. पोट काही मामासाठी थांबत नाही, म्हणून सकाळी दर्शीला मांडीवर ताठ बसवून कस्तुरीनं माझ्या टोकावर सरी घेतली. मी तिच्या खालच्या ओठाला हळूच लागलो. तोंड उघडलं, मी आत गेलो, बाहेर आलो. माझ्यामागोमाग सरीही बाहेर आली! दर्शीनं जिभेनं ढकलली. कस्तुरी घाबरली, "हिला आवडत नाही का काय?" विठाक्का म्हणाल्या, "अग, आजवर चोखायचंच ठाऊक तिला. स्वल्प थांब, शिकेल." चौथ्या दिवशी शिकली.

मग एकदा घास थोडा मोठा गेला. दर्शी लाल झाली, खोकली, उलटीसारखं करून घास पुढे आणला. कस्तुरीची किंकाळी आख्ख्या वठारात गेली. "अडकलं! माझ्या पोरीच्या घशात अडकलं!"

विठाक्का साबणाच्या हातानं धावत आल्या. दर्शीकडे बघून शांत झाल्या. "खोकतीय ना? आवाज येतोय ना? मग ती आपली आपण बाहेर काढतीय, काढू दे. घशात बोट घालू नको, आणखी आत जातं. खरं अडकलं तर आवाजच येत नाही, श्वास येत नाही, ओठ निळे होतात. तेव्हा हातावर पालथी धरायची, डोकं खाली, आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्यानं थापट्या. कुणाला तरी दवाखान्याकडं पळवायचं."

दर्शीनं तोवर दुसऱ्या घासासाठी आ केला होता. पण कस्तुरीच्या मनातून ते लाल तोंड गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं सरीत पाणी घातलं. मग आणखी पाणी. शेवटी माझ्या तोंडात थांबेना, दोन्ही बाजूंनी ओघळायची. मी उथळ आहे हो, मी पाणी कसं धरणार? दर्शीचं पोट पाण्यानं भरायचं, झबलं पेजेनं भिजायचं, आणि तूप तर बंदच होतं.

बसवंत एकदा म्हणाला, "कस्तुरे, थेंबभर तूप घाल की तिच्यात. आमच्याकडं घालतात."

"अहो, सिस्टरनं नको म्हणून सांगितलंय. बोट हलवून सांगितलं."

दवाखान्यानं सांगितलं म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. सिस्टरचा शब्द नेमका काय होता, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. भिंतीला टेकून मी दोघांकडे बघत राहिलो.

पुढच्या महिन्यात वजन केलं. कार्डावरची रेघ वर चढायची ती आडवी झाली. त्या दिवशी दुसरी बाई काट्यावर होती. तिनं नुसतं कार्ड बोटानं ठोकलं, "घट्टी कोडि," म्हणजे घट्ट द्या, आणि पुढचं बाळ घेतलं. कस्तुरी घरी येऊन कार्ड मांडीवर घेऊन बसली. दर्शीचे दंड चाचपून बघायची, मनगटातली काळी बांगडी फिरवून बघायची. पाणी तिनं कमी केलं, डाळ-भात कुसकरून द्यायला लागली, पण अंग धरेना.

आणि त्यात पत्र आलं. पाटणहून तिचा धाकटा भाऊ हरी येतोय. आठव्या महिन्यात का होईना, उष्टावण मामाच्याच हातून. सोबत जंगलातला मध आणतोय. पत्रात लिहिलं होतं, "ताई, पोरगी दवाखान्यात जन्मली, मध चाटवायचा राहिला. मध चाटवल्याशिवाय वाणी फुटत नाही, असं आई म्हणते. बाटली पाठवत नाही, फुटेल. मीच घेऊन येतो."

कस्तुरीनं पत्र कपाळाला लावलं. "मधानं अंग धरेल बघ माझं सोनं. आता रोज देणार, सकाळ-संध्याकाळ."

माझ्या अंगातलं स्टील गार पडलं. रोज! आणि भरवणार कुणाच्या हातून? माझ्याच.

रविवारी सकाळी पाट मांडला, पुढ्यात खिमटाची वाटी. हरी टोपी घालून बसला, मांडीवर दर्शी, नव्या झबल्यात. दारात बायका-पोरं. बाटली टॉवेलातून निघाली. दाट, लालसर, वास सगळ्या खोलीभर.

"चमचा चांदीचा नाही होय दाजी?" हरी म्हणाला.

"घरचा आहे. मीच घासलाय," बसवंत म्हणाला, आणि मला मनातून बरं वाटलं. पण क्षणभरच. हरीनं मला बाटलीत बुडवलं. मी वर आलो तो मधानं माखून. तार माझ्या टोकाला लोंबत होती आणि दर्शीनं आ केला होता. आयुष्यात एवढं मोठं तोंड तिनं माझ्यासाठी कधी उघडलं नव्हतं.

तेवढ्यात दारातल्या बायकांना कोपरानं सारत विठाक्का आल्या. हातात वाटी. "थांबा, थांबा! नुसतं कोरडं खिमट देता काय पोरीला सणाच्या दिवशी? हे घ्या, घरचं तूप काढलंय."

"नको विठाक्का!" कस्तुरी आडवी आली. "तूप नको तिला. सिस्टर म्हणाली, बेडा."

"तुप्पा बेडा? कोण म्हटलं?"

"सिस्टरच. मला आता कन्नड कळतं हो. नीट ऐकलंय मी."

"काय ऐकलंस? तिचेच शब्द सांग बघू."

कस्तुरी शाळेत कविता म्हणावी तशी ताठ उभी राहिली. "जेनु तुप्पा बेडा. ओंदु वर्षा बेडा. म्हणजे जुनं तूप नको, एक वर्ष."

विठाक्कांनी वाटी खाली ठेवली. बसवंताचं तोंड उघडंच राहिलं. मग दोघं एकदम ओरडले, "हरी! हात थांबव!"

मी दर्शीच्या ओठापासून दोन बोटांवर होतो. हरीचा हात जागच्या जागी थिजला. मधाची तार खाली खाली यायला लागली. त्या बावरलेल्या माणसाला काय सुचावं? त्यानं मला गपकन स्वतःच्याच तोंडात घातलं.

मग विठाक्का म्हणाल्या, "झालं. मामाचं उष्टावण झालं."

सगळं वठार हसलं. कस्तुरी मात्र हसली नाही. "जेनुतुप्पा म्हणजे मध ग, एकच शब्द आहे तो," बसवंतानं सांगितलं तेव्हा ती भिंतीला धरून खाली बसली. "म्हणजे जे द्यायचं ते मी दोन महिने बंद केलं. आणि जे नको ते रोज सकाळ-संध्याकाळ द्यायला निघाले होते." डोळे पुसत ती दर्शीच्या पायाशी गेली. दर्शी मात्र रागावली होती. तोंडापाशी आलेला घास मामानं खाल्ला होता! शेवटी मला पुन्हा उकळलं, आणि तुपाचं खिमट मामानंच भरवलं. अकरा घास. मी मोजले.

सोमवारी सगळी वरात दवाखान्यात. हरी वाद घालायच्या तयारीनं. "आमचा मध जंगलातला, भेसळ नाही त्यात." डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, विठाक्कांनी मराठीत उतरवलं. मध कितीही शुद्ध असला तरी त्यात कधीकधी एक जंतू बीसारखा झोपलेला असतो. घरी उकळलं तरी तो मरत नाही. मोठ्यांच्या पोटात त्याचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात तो जागा होऊन विष करू शकतो. बाळ लुळं पडतं, दूध ओढेना होतं, श्वासावर बेततं. दर वेळी होत नाही, पण कुणाच्या बाळाला होईल हे आधी कळत नाही. हरीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

कस्तुरीनं त्या दिवशी "सरी" एकदाही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाई एक वाक्य बोलल्या, की ती म्हणायची, "थांबा. मी परत सांगते, बरोबर आहे का बघा." घट्ट, पण मऊ. तूप थोडं, रोज. अंगावरचं दूध चालूच. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे दाणे नकोत. खाताना हसवायचं नाही, एकटं सोडायचं नाही. पोट भरल्यावर तोंड फिरवलं, तर थांबायचं. सिस्टर तिच्याकडे बघून हसली आणि मला ओळखून तिनं माझ्याकडेही बोट केलं.

पुढच्या महिन्यात कार्डावरची रेघ पुन्हा वर निघाली. कस्तुरीनं ते कार्ड वठारातल्या सहाही घरांत नेऊन दाखवलं.

मधाची बाटली फळीवर, सगळ्यात वर, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून. दर्शीचा पहिला वाढदिवस झाला, डॉक्टरीणबाईंना विचारून झालं, हरी पुन्हा पाटणहून आला. पुन्हा पाट, पुन्हा टोपी, पुन्हा मी मधात. या वेळी मी खुशीत होतो. दर्शीनं आ केला, मी आत गेलो. तिनं चव घेतली. भुवया आक्रसल्या. सगळा मध हनुवटीवर आला, आणि साऱ्या वठाराला ऐकू जाईल असा तिचा पहिला स्पष्ट शब्द फुटला.

"बेडा!"

हरी बघतच राहिला. "चार महिने फळीवर सांभाळून ठेवला ग हा मध तुझ्यासाठी!"

"तूच म्हणत होतास ना, मधाशिवाय वाणी फुटत नाही?" विठाक्का म्हणाल्या. "घे. फुटली."

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. दर्शी बालवाडीत जाते, मोठ्या चमच्यानं जेवते. माझ्या कडेवर तिच्या पहिल्या चार दातांच्या खुणा आहेत. मधली दोन वर्षं मी चहाच्या डब्यात पत्तीत उभा होतो. तक्रार नाही. पण तिथं कुणी आ करत नाही.

मागच्या आठवड्यात शेवटच्या खोलीत नागपूरहून शाल्मली नावाची मुलगी राहायला आली. नवरा पीण्यातच कामाला. कडेवर सहा महिन्यांचं बाळ, आणि चेहऱ्यावर तीच भीती, जी मी रोज सकाळी उकळत्या पाण्याच्या वाफेतून बघायचो. कस्तुरीनं मला डब्यातून काढलं, घासलं, उकळलं आणि घेऊन गेली.

"हा घे. उथळ आहे, पण बाळाला असाच बरा. आणि ऐक, इथं तुप्पा म्हणजे तूप, ते घालायचं. जेनुतुप्पा म्हणजे मध, तो वर्षभर नाही. कळलं?"

शाल्मलीनं मान हलवली. "हो ताई."

"हो नको म्हणू. मान तर मीही हलवली होती. मला परत म्हणून दाखव."

शाल्मली अडखळत म्हणाली, "तुप्पा, तूप, द्यायचं. जेनुतुप्पा, मध, वर्षभर नाही."

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. बाळाच्या खाण्याचं कुणी काही सांगितलं, तर मान हलवून घरी येऊ नका. परत म्हणून दाखवा. माझ्यासारख्या चमच्याला सगळं कळतं, पण टण टण करण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही.

आता निघतो. समोर एक नवं तोंड आलंय. गच्च मिटलेलं आहे, पण मला घाई नाही.